माशीचे बांधकाम

निमसेबाई माशी बांधायला शिकत आहेत ही बातमी राहुरीत पसरायला पावणेदोन तास लागले. हा आकडा अंदाजाचा नाही. सकाळी आठ वाजता भागिरथीबाई निमसे यांनी शेजारच्या गोजरबाईंकडे कोंबड्याच्या मानेची चार पिसे मागितली. पावणेदहाला त्या कन्याशाळेच्या फाटकातून आत शिरल्या, तेव्हा ड्रिलचे ढोकचौळे मास्तर फाटकाशी उभे राहून विचारत होते, "काय बाई, दाव्यानं बांधता का साखळीनं?"

रिकामी माणसे माशा मारतात हे गावाला ठाऊक होते. बांधतात हे नवीन होते.

"खोटी माशी असते मास्तर," बाई म्हणाल्या. "गळावर दोरा, लोकर आणि पीस गुंडाळून करायची. मासा तिला खरी समजतो आणि तोंडात घेतो."

"आणि गांडूळ?"

"गांडूळ लागत नाही."

"म्हणजे मासा फसणार, गांडूळ वाचणार," मास्तर म्हणाले. "आणि खोली आम्हाला मिळणार. बरं आहे."

या सगळ्याच्या मुळाशी ही खोली होती. शाळेच्या मागच्या अंगाला बारा बाय चौदा फुटांची, एका खिडकीची, कौले शाबूत असलेली एक खोली नुकतीच रिकामी झाली होती. बाईंना ती विज्ञानासाठी हवी होती. गेली चार वर्षे शाळेतले विज्ञान शिक्षकांच्या खोलीतल्या एका कपाटात राहत होते आणि त्या कपाटात मानवी कवटीला लागून हेडमास्तर डावरेसरांचा जेवणाचा डबा असे. ढोकचौळे मास्तरांना ती खोली लेझमी आणि ढोल ठेवायला हवी होती. सभेत मास्तर म्हणाले की लेझमीचा निकाल सव्वीस जानेवारीला सगळ्या गावाला दिसतो आणि कालव्यापर्यंत ऐकू येतो. मग डावरेसर बाईंकडे वळून म्हणाले, "विज्ञानाचा निकाल काय?"

बाई सभेत सहसा तीन वाक्यांच्या पुढे जात नसत. त्या दिवशी पाच झाली. "मुली पुस्तकातला कीटक वहीत उतरवतात आणि विसरतात. स्वतःच्या हाताने बांधला तर विसरणार नाहीत. सहा पाय, दोन पंख, तीन भाग. तो बरोबर बांधला की नाही हे मी ठरवणार नाही. मासा ठरवेल."

"मासा?"

"परीक्षक म्हणून."

डावरेसरांना बाहेरचा परीक्षक ही कल्पना एकदम आवडली. त्यात वशिल्याची तक्रार येण्याचा संभव नव्हता. त्यांनी तिथल्या तिथे ठराव केला की डिसेंबरच्या तिसऱ्या रविवारपर्यंत निमसेबाईंच्या माशीला एक मासा लागला तर खोली विज्ञानाला. न लागला तर लेझमीला. सगळ्यांनी माना डोलावल्या. बाई पायऱ्या उतरत होत्या तेव्हा त्यांच्या लक्षात आले की आपण आजवर एकही माशी बांधलेली नाही.

त्यांच्याजवळ पुस्तक मात्र होते. एका ग्रंथालयाच्या रद्दीत मिळालेले, कोणा साहेबाने माशा बांधण्यावर लिहिलेले. माशी कशी बांधावी हा भाग त्यात अगदी कोरा करकरीत होता. ती पाण्यावर कशी टाकावी हा भाग वाळवीने खाल्ला होता. फेकणे ही किरकोळ बाब आहे, असे बाईंना वाटले. त्यांनी बी.एस्सी.ला पदार्थविज्ञान घेतले होते.

साहेबाचे साहित्य मोठे खानदानी होते. समुद्रातल्या सीलची लव, रानबदकाच्या पंखातले पीस, सशाच्या कानामागचे केस. बाईंनी वहीत दोन रकाने आखले आणि डावीकडच्या प्रत्येक वस्तूसमोर उजवीकडे राहुरीत मिळणारी वस्तू लिहिली. सीलच्या जागी घोंगडीची लोकर आली. रेशमाच्या जागी मेण लावलेला रिळाचा धागा. गळ पकडून ठेवायला शाळेतला ब्युरेटचा चिमटा आला. रानबदकाच्या जागी गोजरबाईंचा कोंबडा आला, आणि तिथे पहिली ठेच लागली.

"माशा बांधायच्या तर आमच्या गोठ्यात या की," गोजरबाई म्हणाल्या होत्या. "म्हशीच्या पाठीवर लई हायेत. फुकट बांधा."

"गोजरबाई, मला पिसं हवीत. मानेची. खाली गळालेली चालतील."

"गळाल्यालं कशाला? त्यो काय मेलाय व्हय?" असे म्हणून गोजरबाईंनी कोंबडा काखेत धरला आणि चारच्या जागी मूठभर पिसे ओढून दिली. बाई नको नको म्हणेपर्यंत कोंबड्याची मान एका बाजूने उघडी पडली. त्यानंतर आठवडाभर तो कोंबडा बाईंना पाहिले की तोंड फिरवून भिंतीकडे बघत उभा राही. बाईंना वाईट वाटे. मग त्या पिसांचा तांबूस रंग उजेडात धरून पाहत आणि वाईट वाटणे विसरून जात.

पहिली माशी बांधायला त्या शनिवारी दुपारी बसल्या. धागा चौदा वेळा तुटला. बाईंनी तेवढ्या चौदा रेघा वहीत ओढल्या. लोकर गुंडाळली की धागा सुटे, धागा धरला की पीस उडे आणि पीस पकडायला जावे तर गळ बोटात शिरे. पण साडेचारच्या सुमारास असे झाले की धाग्याचा शेवटचा फास बसला, बाईंनी श्वास रोखून कात्रीने टोक कापले आणि काहीही सुटले नाही. चिमट्यात एक वस्तू होती. तिला पोट होते. तिला पाठ होती. साहेबाने पिसाचे केस गोल पसरून ठेवायला सांगितले होते, पण साहेबाने पाय मोजलेले दिसत नव्हते. बाईंनी भिंग घेऊन जादा केस कापले आणि नेमके सहा ठेवले, एका बाजूला तीन, दुसऱ्या बाजूला तीन. मग त्या उठल्या आणि स्वयंपाकघरापासून ओट्यापर्यंत दोनदा चालून आल्या, कारण बसवेना. बत्तीस वर्षांच्या आयुष्यात त्यांनी बेडूक, झुरळे आणि एकदा अख्खा ससा उलगडून पाहिला होता. काहीतरी जुळवून पहिल्यांदाच पाहत होत्या.

"अहो, बघा तरी!"

रंगनाथराव, म्हणजे त्यांचे यजमान, साखर कारखान्याच्या ऑफिसात टायपिस्ट होते. त्यांनी चष्मा वर करून पाहिले आणि मनापासून म्हणाले, "झुरळ छान झालंय."

त्या दिवशी बाई त्यांच्याशी एवढेच बोलल्या की भाजीत मीठ हवे असल्यास डबा फळीवर आहे.

पुढची अडचण रोगणाची होती. धाग्याच्या शेवटच्या फासावर रोगणाचा थेंब द्यावा, नाहीतर माशी पाण्यात उलगडते, असे साहेबाचे म्हणणे. सुताराकडचे रोगण दाट निघाले. मग बाईंच्या डोक्यात आले की नखांना लावतात तो रंग याच जातीचा असावा. बाजारपेठेतल्या बांगड्यांच्या दुकानात त्यांनी शांतपणे मागितले, "नेलपॉलिश द्या. बिनरंगाचं."

दुकानात कन्याशाळेच्या तीन मुलींच्या आया होत्या. निमसेबाई कुंकवाखेरीज कसलाही रंग लावत नसत, हे त्या तिघींना पाठ होते. बिनरंगाचे नव्हतेच, लालभडक होते. बाईंनी ते घेतले. शाळेत दोन दिवस सगळ्या मुली फळ्याऐवजी बाईंच्या नखांकडे बघत होत्या. नखे कोरी होती. तिसऱ्या दिवशी गोजरबाईंनी कुंपणावरून हळूच विचारले, "बाई, पायाला लावता व्हय?"

"माशीच्या डोक्याला लावते."

गोजरबाईंनी मान डोलावली. "तरीच," त्या म्हणाल्या. नक्की काय तरीच, ते बाईंना कळले नाही.

दहा दिवसांत बाईंच्या अकरा माशा झाल्या. अकरावी इतकी सुबक होती की रंगनाथरावांनी ती वहीवर पाहून खरोखर हात हलवून हाकलली. बाई हसल्या आणि मिठाचा डबा पुन्हा ताटाजवळ आला.

आता फक्त पाणी हवे होते. गावाबाहेर कोळवाडीचा तलाव होता. दुष्काळ संपून त्या साली पाऊस चांगला झाला होता आणि तलाव काठोकाठ भरलेला होता. त्यात निम्मे गाव मासे धरी. पण काठावर पाटी होती: परवानगीशिवाय मासेमारी करू नये. त्या पाटीवर लोक ओले सदरे वाळत घालत. बाईंनी मात्र ती वाचली.

"अर्ज करायला हवा," त्या म्हणाल्या.

"कुनी इचारत न्हाई बाई," गोजरबाई म्हणाल्या.

"पाटी विचारते आहे."

अर्ज रंगनाथरावांनी टाईप केला. बाईंचा मसुदा साधा होता: स्वतः बांधलेल्या खोट्या माशीने एक मासा पकडण्याची परवानगी मिळावी. रंगनाथराव म्हणाले, अगं, सरकारी कचेरीत असं बोलल्यासारखं लिहून चालत नाही, विषय भारदस्त हवा. त्यांनी वर टाईप केले, "विषय: कोळवाडी तलाव येथे कृत्रिम माशीच्या बांधणीस व वापरास परवानगी मिळणेबाबत." बाईंनी माशी नीट कळावी म्हणून सोबत तिची आकृती जोडली. खरी माशी अकरा मिलिमीटरची होती. कागदावर त्यांनी ती अकरा सेंटिमीटरची काढली आणि खाली लिहिले, प्रमाण १०:१.

ज्या कचेरीकडे तलाव होता, त्या कचेरीने आजवर बंधारे बांधले होते, कालवे बांधले होते, चौकीदाराची खोली बांधली होती. तिथे बांधणीचा अर्ज आला की तो कुठल्या टेबलावर जातो हे ठरलेले होते. आठवड्याने उत्तर आले.

"विषय: माशीचे बांधकाम. आपल्या अर्जाच्या अनुषंगाने खुलासा करावा. एक, सदर माशी पक्की आहे की कच्ची? दोन, माशीमुळे सांडव्याच्या प्रवाहास अडथळा येईल काय? तीन, काम पूर्ण झाल्यावर माशी खात्याच्या ताब्यात देणार काय?"

रंगनाथराव पत्र वाचून जमिनीवर बसले आणि हसता हसता लोळायचे बाकी राहिले. बाई हसल्या नाहीत. विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर द्यावे, असे त्यांचे वळण होते. त्यांनी लिहिले: एक, माशी कच्ची आहे, कारण मी अजून शिकत आहे. दोन, नाही. तीन, दोन नग देता येतील.

त्याला उत्तर आले की खात्याचे ओव्हरसियर श्री. म्हस्के रविवारी सकाळी जागेवर पाहणी करतील आणि तोवर काम सुरू करू नये. तो रविवार डिसेंबरातला तिसरा होता.

झाले. परीक्षक आणि निरीक्षक एकाच दिवशी आले. आदल्या संध्याकाळी अकरा माशांपैकी चार गोजरबाईंच्या मांजराने खेळून संपवल्या. बाईंनी घाईघाईत एक जादा बांधली, तीही चुलीवर भात असताना. मग बांबूच्या काठीला दोरी, दोरीला माशी असा सगळा सरंजाम करून त्या सकाळी आठला तलावावर पोचल्या. छातीत असे धडधडत होते की त्यांनी स्वतःची नाडी मोजली. शंभरावर सहा.

काठावर जत्रा होती. डावरेसर छत्री घेऊन उभे होते. ढोकचौळे मास्तर पांढरी टोपी, पांढरी पँट, पांढरे कॅनव्हासचे बूट अशा पूर्ण गणवेशात आले होते. त्यांच्या खिशातून खोलीची मापे लिहिलेला कागद डोकावत होता. गोजरबाई शेंगा घेऊन आल्या होत्या. म्हस्के ओव्हरसियर अजून आले नव्हते, म्हणून काम सुरू करता येत नव्हते. पावणेनऊला त्यांची सायकल आली. कॅरिअरवर मोजायची साखळी होती आणि चार खुंट्या.

"कुठंय जागा?" म्हस्के म्हणाले.

"कसली?"

"माशीची." त्यांनी बाईंची आकृती उलगडली. तिच्यावरचे १०:१ लाल पेन्सिलीने खोडून कोणीतरी १:१० केलेले होते. "हे तुमचं उलटं पडलं हुतं बाई, आमी सुधारून घेतलं. कागदावर अकरा सेंटिमीटर, म्हंजी जागेवर एकशे दहा. तीन फूट सात इंच. दगडात करनार का काँक्रीट?"

डावरेसरांनी छत्री मिटली. ढोकचौळे मास्तर तलावाकडे तोंड करून खांदे हलवू लागले. बाईंचे कान तापले. आकृती उलटी काढल्याचा आरोप त्यांच्यावर आजवर कोणी केला नव्हता.

"ओव्हरसियर," त्या म्हणाल्या, "वस्तू मोठी असली की आकृती लहान करतात. वस्तू लहान असली की आकृती मोठी करतात."

"लहान वस्तूचा नकाशा कशाला काढायचा?" म्हस्के खरोखरच गोंधळले होते. "ती दिसतीच की."

बाईंनी काठी उचलली. "तुम्ही बसा," त्या म्हणाल्या, "मी काम दाखवते." म्हस्के साखळीवर बसले.

आणि मग वाळवीने खाल्लेला भाग सुरू झाला. पहिली माशी मागच्या बाभळीत गेली. दुसरी त्याच बाभळीत, पण वरच्या फांदीला. तिसरी बाईंच्या स्वतःच्या पदरात रुतली. गोजरबाईंनी पदर दाताने सोडवला आणि त्याबरोबर माशीचा धागाही सोडवला. चौथी ढोकचौळे मास्तरांची टोपी घेऊन पाण्यावर गेली आणि दोरी तुटून टोपीसकट दूर तरंगत गेली. "बाई, मला मासा समजलात का?" मास्तर ओरडले. पाचवी पाण्यावर बरोबर पडली. अर्धा तास ती बरोबर पडून राहिली. माशांना ती दिसत होती, कारण ते खालून येत, बघत आणि निघून जात. मग दोरी ओढताना ती एका कपारीत तुटली. सहावीच्या फासावर नेलपॉलिश लावायचे राहून गेले होते. ती पाण्यात शांतपणे उलगडली आणि घोंगडीची लोकर, रिळाचा धागा, कोंबड्याचे पीस अशी वेगवेगळी तरंगत गेली. सातवी, ती सुबक अकरावी, पुन्हा बाभळीत.

"लेझीम अडकत नाही," मास्तर म्हणाले. पण आवाजात पूर्वीचा जोर नव्हता. तेही तास दीड तास पाण्याकडे बघत होते आणि माणूस पाण्याकडे इतका वेळ बघत राहिला की त्याला काहीतरी व्हावेसे वाटू लागते.

एकच माशी उरली. भाताच्या वेळची. खोली गेली, असे बाईंना वाटले; खोलीतली ती एक खिडकी, तिच्याखाली ठेवायचे टेबल, त्यावरचा सूक्ष्मदर्शक, सगळे मनातून उचलून त्यांनी परत कपाटात ठेवले, डब्याशेजारी.

"म्हंजी खरी माशी केवढी म्हनायची?" म्हस्क्यांनी वही काढून विचारले. त्यांना पाहणीचा अहवाल लिहायचा होता.

"एवढी." बाईंनी काठी पुढे करून शेवटची माशी त्यांच्यासमोर पाण्यावर टांगून धरली. त्या म्हस्क्यांकडे बघत होत्या. "नीट बघा. प्रमाण वगैरे काही नाही. आहे एवढीच आहे. अकरा मिलि—"

"बाई, ओढा!"

हे ढोकचौळे मास्तर होते. पाणी फुटले, काठी वाकली, बाईंनी ती दोन्ही हातांनी धरली. "ओढा म्हणतो ना! सैल सोडू नका! अहो डावीकडे, डावीकडे!" आणि दोरी कपारीकडे सरकते आहे असे दिसताच मास्तर पांढऱ्या बुटांसकट, पांढऱ्या पँटीसकट कमरेइतक्या पाण्यात शिरले, दोन्ही हातांनी खाली झोंबले आणि छातीशी एक काळा, चकाकता, हातभर लांब मरळ मासा कवटाळून वर आले. "लागला! सर, लागला! मी बघितलं, स्वतःच्या तोंडानं घेतली त्यानं!"

गोजरबाईंच्या शेंगा सांडल्या. डावरेसर छत्री वर करून, मग खाली करून, मग पुन्हा वर करून म्हणत होते, "परीक्षकांचं मत पडलं! मत पडलं!" मास्तर मासा घेऊन काठाशी टेकले आणि बाई त्यांच्यासमोर पाण्यातच गुडघ्यावर बसल्या. त्यांनी माशाचे तोंड हळूच उघडले, भिंग काढले आणि माशी पाहिली.

मग त्यांचा चेहरा उतरला.

"सर," त्या म्हणाल्या, "याला आठ पाय आहेत."

"माशाला?"

"माशीला. भात उतू जात होता, मी घाईत कापायचे विसरले. सहा हवेत. आठ पायांचा कीटक नसतो, तो कोळी." त्यांनी एक खोल श्वास घेतला. "ठराव माशीचा होता. मुलींनी चुकीच्या रीतीने बरोबर उत्तर काढलं तर मी गुण देत नाही. मग मलाही घेता येणार नाहीत."

डावरेसरांनी ढोकचौळे मास्तरांकडे पाहिले. आता बोलायचा हक्क त्यांचा होता. मास्तरांच्या खिशातला खोलीच्या मापांचा कागद ओला होऊन त्यावरची शाई त्यांच्या पँटीवर उतरली होती. त्यांनी मासा घट्ट धरला होता आणि मासा त्यांच्या हनुवटीवर शेपूट मारत होता.

"सर," मास्तर म्हणाले, "पेपर तपासणारा हा इथं आहे. त्याला कोळी चालला. आपण कोण फेरतपासणी करणार?"

"पण नियम—" बाई म्हणाल्या.

"बाई, तुम्ही जरा गप बसा हो," मास्तर कळवळून म्हणाले.

म्हस्के ओव्हरसियर एवढा वेळ वहीत काहीतरी लिहीत होते. ते उठले, खाली वाकले, माशाच्या तोंडात बघून पाय स्वतः मोजले आणि मग वही डावरेसरांपुढे धरली. सरांनी मोठ्याने वाचले. "जागेवर पाहणी केली. काम मंजूर नकाशाप्रमाणे नाही. दोन पाय जास्त आढळले. तथापि माशी वापरास योग्य आहे. जादा काम मंजूर."

खाली सही होती, हुद्दा होता, तारीख होती. डावरेसरांनी तो कागद दोनदा वाचला. सरकारी सहीपुढे त्यांचा कधीच वाद नसे. त्यांनी कोटाच्या खिशातून खोलीची किल्ली काढून बाईंपुढे धरली.

बाईंनी ती लगेच घेतली नाही. त्यांचे दोन्ही हात गुंतले होते. एका हाताने त्या माशाच्या जबड्यातून गळ अलगद सोडवत होत्या आणि दुसऱ्या हातातल्या कात्रीने, सगळ्यांच्या देखत, दोन पाय कापत होत्या.

"मास्तर," त्या म्हणाल्या, "याला पाण्यात सोडा. आणि काठी धरा. आता सहा पायांवर बघू."

मास्तरांनी मासा सोडला, ओले बूट काढून बाभळीखाली ठेवले आणि काठी हातात घेऊन एखाद्या नव्या मुलीसारखे विचारले, "कोणता पाय पुढे ठेवायचा, बाई?"